कुलूपकाकांनी काढलेली ओळ

ऑफिसात त्यांना सगळे कुलूपकाका म्हणत. सोनोग्राफीच्या मशीनचा ड्रायव्हर, म्हणजे मशीन आणि संगणक यांच्यात निरोप्याचं काम करणारा प्रोग्राम, त्यांच्याकडे होता. मशीन एका जागी नवं चित्र लिहीत असतं आणि स्क्रीन तिथूनच ते उचलत असते. दोघांचे हात एकदम पडले की चित्र गोठतं. म्हणून एक आत असताना दुसऱ्याने बाहेर थांबावं, यासाठी काका कोडमध्ये कुलपं घालत. घरीही ते दाराची कडी दोनदा ओढून बघत, पण तो वेगळा रोग.

एक गोठणं मात्र वर्षानुवर्षं हुलकावणी देत राहिलं. माग काढायला म्हणून त्यांनी कोडमध्ये 'इथवर आलो' असं छापणारी एक ओळ घातली, आणि दुखणं पळालं! ओळ काढली की परत हजर. छापण्यात जो क्षण जाई तेवढ्यात दुसरा हात बाजूला होई, एवढंच. साहेब मात्र खूश. "चालतंय ना? मग हात लावू नका."

ताप उतरवून आजार तसाच ठेवलाय, हे काकांच्या जिव्हारी लागे. कधीतरी कुठलातरी डॉक्टर बाळाचे ठोके शोधत असेल आणि नेमकं तेव्हाच चित्र गोठेल, याची त्यांना धास्ती होती. निवृत्तीआधी हे निस्तरायचंच, असं त्यांनी मनाशी ठरवलं.

आणि शेवटच्या महिन्यात सापडलं की! चित्राचा कोन बदलताना कोड ज्या आडवाटेने जाई, तिथे कुलूपच नव्हतं. कुलूपवाल्याच्याच घरी मागचं दार सताड उघडं! त्यांनी कुलूप घातलं, ओळ काढली, मशीन दिवसचे दिवस पळवून पाहिलं आणि बदल मंजुरीला पाठवला. साहेबांनी तो न वाचताच मंजूर केला.

निरोपसमारंभात साहेबांनी माईक हातात घेतला. "काकांची ती एक ओळ! आपलं मशीन आज तिच्यावर उभं आहे. मी असेपर्यंत तिला कुणी हात लावणार नाही!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. काकांनीही वाजवल्या. शेजारच्या खोलीत मशीन त्या ओळीवाचून मजेत चाललं होतं. काकांना हसू येत होतं आणि वाईटही वाटत होतं. आयुष्यातलं सगळ्यात चोख काम, आणि त्याची खूण काय, तर काहीच बिघडत नाही!

बाजूला बसलेल्या बायकोला सगळी हकीकत ठाऊक होती. तिने कोपराने ढोसलं. "अहो, उठा की! सांगा ना त्यांना, खरं काय केलंत ते."

"हळू बोल," टाळ्या वाजवत काका पुटपुटले. "सांगितलं तर उद्या ओळ परत घालतील आणि कुलूप काढतील."