पाठीवरचा छापा

"बंडी काढ," शेठ म्हणाले. "आते तुन्ही पाळी."

मी पथारीच्या मधोमध उभा होतो. मिरची वाळत घालायच्या मोकळ्या जागेला आमच्या नंदुरबारात पथारी म्हणतात. चहूकडे लाल मिरची. दोरीवर सहा बंड्या. सहाही बंड्यांच्या पाठीवर ओली काळी इंग्रजी अक्षरं, माझ्याच हातची. सातवी बंडी माझ्या अंगावर होती.

मी शेठच्या पेढीवर पोत्यांना छाप मारायचो. पत्र्यात अक्षरं कापलेली असत. पत्रा पोत्यावर धरायचा, वरून कुंचला फिरवायचा. माल आगगाडीनं सुरतेकडे जाई. मालधक्क्यावरचा साहेब इंग्रजीच वाची, म्हणून शेठचं नाव इंग्रजीत. महारवाड्यात इंग्रजी अक्षर येणारा मी एकटा. आधी छाप्यात नुसतं नाव होतं. नावाच्या पुढे, वरच्या अंगाला स्वल्पविरामासारखी खूण आणि मग एस काढला की माल अमक्याचा असं होतं, हे शेठला मीच सांगितलं. नवा पत्राही मीच कापला. शेठला ती खूण फार आवडली. तराजू, पाण्याचं पिंप, बैलगाडी, सगळ्यांवर त्यांनी ती उमटवून घेतली. मला अभिमान वाटायचा.

त्या हंगामात दोन हमाल दुसऱ्या पेढीवर गेले. शेठ म्हणाले, "मन्हा माणूस दुसराना दारशी दिसना, ते लगेच वळखाले जोयजे."

त्यांनी हमालांच्या बंड्या काढायला लावल्या. सहा जण, सातपुड्यातले भिल्ल. उघड्या अंगानं उन्हात उभे. मिरचीचा खकाणा घामावर बसत होता, आग होत असणार. एकही हलला नाही. मी पत्रा धरला आणि कुंचला फिरवला. सहा वेळा. माझा हात थरथरला नाही, हे लिहून ठेवतो.

वेस्ताबाबा त्यांच्यात वयानं मोठा. त्यानं विचारलं, "भाऊ, हाई काय लिखेल शे?"

"शेठनं नाव."

"फक्त नाव?"

"हा."

मी खोटं बोललो. खुणेचा अर्थ त्या पथारीवर शेठला माहीत होता आणि मला.

मग शेठ माझ्याकडे वळले. तोवर मी स्वतःला त्या सहांत मोजलंच नव्हतं. मला अक्षर येत होतं ना.

"मी नही काढस," मी म्हणालो.

हमालांचा मुकादम बाजूला उभा होता, तो हसला. "ओ मास्तर, अक्षर तुन्हं, खूण तुन्ही, मंग लाज कसानी?"

खरं बोलला. म्हणून जास्त लागलं.

शेठ हसले नाहीत. हळू बोलले, "कापड मन्हं शे. मीच दिधेल शे."

"कापड तुमनं. पाठ मन्ही शे."

मी रंगाचं डबडं उचललं, दोरीपाशी गेलो आणि पहिल्या बंडीवरची अक्षरं काळ्या रंगानं बुजवली. मग दुसरीवरची. मुकादम धावून आला. वेस्ताबाबा मध्ये उभा राहिला. नुसता उभा. मुकादम थांबला. मी सहाही बुजवल्या.

मग वेस्ताबाबाला सांगितलं, "त्यामा लिखेल व्हतं, हाऊ माणूस शेठना शे."

त्यानं माझ्याकडे पाहिलं. "तुले म्हाईत व्हतं?"

"हा."

त्यानं ओली बंडी अंगात घातली आणि चालू लागला. बाकीचे पाच त्याच्या मागे. त्यानंतर तो माझ्याशी कधी बोलला नाही.

शेठ एवढंच म्हणाले, "आते या गावमा तुले कोनी कुंचला देवाव नही." तसंच झालं. तीन दिवस शेठची दोन माणसं माझ्या घरासमोर येऊन उभी राहायची. बोलायची नाहीत, मोजल्यासारखी माझी पोरं बघायची. बायकोनं पोरांना अंगणात सोडणं बंद केलं. चौथ्या दिवशी मी बाहेर पडलो आणि मालधक्क्यावर ओझी उचलायला लागलो. अजून उचलतो.

लोक म्हणतात, तू शेठला नाही म्हणालास. हिशेब तसा नाही. सहांना मी हो म्हणालो होतो. स्वतःची पाळी आली तेव्हा नाही म्हणालो. ते सहा माझ्या नावावर आहेत आणि ते पुसायचा रंग कुठल्या डबड्यात मिळत नाही.

वेस्ताबाबाची माफी मी मागितली नाही. मागून हलकं व्हायचं नाही मला. पुन्हा कोणी माणसाच्या अंगावर आपलं नाव घालायला निघाला, तर पहिल्याच बंडीला त्याचा हात धरीन. मग ती कोणाचीही असो.