छत्तीस नंबरचं बटण

नव्वदच्या दशकाच्या अखेरीस धाकट्या बहिणीच्या लग्नाची पत्रिका मी रामनगरात घरच्या कॉम्प्युटरवर जुळवत होतो. खानापूरच्या छापखान्याला द्यायचा कागद चारच्या बसनं जायलाच हवा होता, नाहीतर मुहूर्ताआधी पत्रिका वाटून होणार नव्हत्या. वरपक्ष कुळगीचा, आणि माझ्या कॉम्प्युटरच्या लिनक्स प्रणालीतल्या मराठी कीबोर्डवर नेमका ‘ळ’ नव्हता. ‘कुलगी’ छापलं असतं, तर पाहुण्यांनी मांडवात पाय ठेवला नसता.

प्रत्येक बटणाला नंबर असतो. पस्तीस नंबरच्या बटणावर ‘ळ’ बसवायचा, एवढंच काम. मी घाईत छत्तीस लिहिलं. छत्तीस म्हणजे एंटर! आता एंटर दाबलं की ‘ळ’ उमटायचा, आणि चूक सुधारायचा हुकूम द्यायला तर एंटरच लागायचं. बंद करून पुन्हा चालू केलं, तरी तेच. कारण शहाणपणा करून मी तो बदल कायमचा लिहून ठेवला होता. साडेतीन वाजले. पत्रिका उघडून मी वेड्यासारखा एंटर बडवत राहिलो.

“दादा, माझं लगीन हुईल, पन तुझी पत्रिका न्हाई निघायची,” बहीण म्हणाली. मग वाकून बघत, “व्हय रे, ह्या आकड्यांच्या बाजूला बी एंटर हाय न्हवं?”

होतं की! त्याचा नंबर वेगळा. त्यानं हुकूम देऊन चूक सुधारली, ‘ळ’ जागेवर बसवला, कागद छापून काढला, आणि बस मिळाली.

घाईत मघाशी बडवलेले ‘ळ’ पुसायचे तेवढे राहिले, आणि वरपित्याच्या नावाखाली छापून आलं, ‘ळळळळ’. कुळगीचे पाहुणे झाडून सगळे आले. व्याह्यांनी मात्र मला बाजूला घेऊन विचारलं, “ही कुठली पदवी म्हणायची?”