आमच्या बोर्डाची कड आणि आप्पांचं कुलूप

आमच्या वर्कशॉपमध्ये रेझिस्टरचे कापलेले पाय टेबलाखाली साचतात ना, तसे हे किस्से साचतात. सकाळी झाडून काढावं, तर संध्याकाळी पायाला पुन्हा टोचतात.

शहाद्यात आम्ही शेतपंपाच्या ऑटो-स्टार्टरचे सर्किट बोर्ड बनवतो. मालक आप्पा. बोर्ड डबीत बसवणारे भटूकाका. दोघांचं मिळून वय एकशे तीस! कॉम्प्युटरवर बोर्डाचं डिझाईन करणारी मी एकटी.

बोर्डाची बाहेरची रेघ म्हणजे त्याची कड. आम्ही फाईल पाठवतो ती फॅक्टरी त्याच रेघेवर बोर्ड कापते. आतलं सगळं हलवा, पण कड हलली की बोर्ड डबीत बसत नाही, संपलं! एकदा पाहुण्यांना कॉम्प्युटर दाखवताना आप्पांनी नेमकी तीच पकडून ओढली. "दखा, कशी हालस!"

मी दातओठ खात ती जागेवर आणली.

*

त्याच दिवशी मी कड लॉक केली. दोन क्लिकचं काम. आप्पांनी माऊस ओढून पाहिला, रेघ हलेना.

"काय करं वं माय?"

"लॉक केलंय आप्पा. चुकून हलू नये म्हणून."

आप्पांचा चेहरा उतरला. आमच्याकडे कपाटाला कुलूप नाही, गल्ल्याला नाही, जेवणाच्या सुट्टीत दारालाही नाही. "तीस वरीसमा आठे कुलूप लागनं नही. आते मन्हापासून लपाडस?"

लॉक काढेपर्यंत त्यांनी चहा घेतला नाही. साठी उलटलेला माणूस एका रेघेवर रुसतो!

*

भटूकाकांचा भरवसा फक्त स्टीलच्या पट्टीवर. झूम केलेल्या स्क्रीनला पट्टी लावून ते ओरडले, "पोरी, हाई तं डबीपेक्षा एक वीत मोठं शे!"

मी झूम म्हणजे काय ते समजावलं. दोनदा. आप्पा आणि काका, दोघांनी माना हलवल्या. मी जेवून परत आले तर कड आत ओढून "बरोबर" केलेली, आणि रिले, म्हणजे पंप चालू-बंद करणारा ठोकळा, रेघेच्या बाहेर लोंबकळतोय!

"आप्पा, हा बाहेर राहिला!"

"राहू दे. वारा लागी त्याले!"

*

दसऱ्याला मात्र कहर झाला. शस्त्रपूजेला आमच्याकडे सगळं उघडं ठेवतात; ड्रॉवर, पेट्या, टूलबॉक्स. कॉम्प्युटरही त्यातच. त्या रिलेनंतर मी कड पुन्हा लॉक केली होती, ते आप्पांच्या लक्षात होतं. "ते तुन्हं लॉक बी काढ. पूजाना दिनले काही बंद ठेवतस नही."

काढलं. कड सिलेक्ट झालेली तशीच राहिली. आप्पांनी कीबोर्डवर झेंडू वाहिला, हळदकुंकू वाहिलं आणि वर नारळ ठेवला. बरोब्बर ॲरोच्या बटणावर! आरती होईपर्यंत कड गुपचूप उजवीकडे सरकत राहिली.

दुसऱ्या दिवशी मी फाईल फॅक्टरीला पाठवली. पुन्हा तपासली नाही, ही चूक माझी, मान्य. पण बोर्ड आले तेव्हा एकाचंही भोक डबीच्या स्क्रूवर बसेना, आणि आप्पा धडगावच्या डीलरला फोनवर काय सांगत होते? "नवी पोर शे, चुकी व्हई गयी."

नारळाचं नाव नाही!

फोन ठेवून मला म्हणाले, "परत अशी चुकी व्हयनी तर डिझाईन बाहेर देसू." म्हणजे कड त्यांनी सरकवायची आणि काम माझं जायचं!

*

मी रात्री जेवले नाही, सकाळी लवकर आले. कड जागेवर आणली, लॉक केली, तीनदा तपासली. आप्पा दारात उभे राहून बघत होते. मी त्यांच्याकडे वळून सरळ सांगितलं, "आजपासून या रेघेला कोणी हात लावायचा नाही. तुम्हीसुद्धा!"

मी भटूकाकांकडे नवी डबी मोजायला गेले. संध्याकाळी पाचच्या आत फाईल फॅक्टरीला जायला हवी होती.

परत येऊन बघते तर माऊस गायब. कीबोर्डही! शेजारच्या लोखंडी कपाटाला हे भलंमोठं कोरं कुलूप.

"काका, किल्ली?"

"आप्पाना खिसामा. त्या धडगावले गयात, डीलरले समजाडाले."

फोन लावला. घाटात जीपचा आवाज, मागे कुणीतरी हसतंय.

"आप्पा, हे काय केलंत?"

"बाहेरनी रेघ हालनी का?"

"नाही, पण..."

"मंग!"