भुवईएवढं दार

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही, आणि बायकोला मी माझा साखरेचा रिपोर्टसुद्धा दाखवतो, यावरून काय ते समजा. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही आमच्या घरी कधी आलेला नाहीत. आला असतात तर तुमच्या कपाळावर टेंगूळ असतं, आणि ते बघून माझा धीर झाला नसता.

गोंदियाकडे, देवरीच्या रस्त्याला लागून आमचं गाव. तिथे माझ्या मोठ्या भावाचं घर आहे, आम्ही सगळे त्यातच राहतो. सारं गाव त्याला भाऊ म्हणतं, मीही. भाऊ सहा फूट उंच. घर ऐसपैस, पुढे ओसरी, मागे धानाची कोठी, आणि मधलं मुख्य दार — चार फूट दहा इंच. होय, बरोबर वाचलंत. ओसरीवर उजव्या हाताला एक कोनाडा आहे, त्यात भाऊची बायको, आमची वयनी, हळद-चुन्याची वाटी ठेवते. आमच्याकडे पाहुण्याला पाणी नंतर, आधी वाटी.

मग भाऊ पाहुण्याला समजावतो. "हे आपल्या माळव्याची रीत होय. पुरखे असेच रायत. मानूस वाकून आला का त्याचा घमंड बाहेरच रायते." पाहुणा कपाळ चोळत मान हलवतो. मी शेजारी बसून चहा पितो. गेली वीसेक वर्षं मी तो चहा पितोय.

आम्ही पोवार. आमचे पुरखे माळव्यातून, धारेकडून आले, हे आमच्याकडे पाळण्यातल्या पोरालाही ठाऊक असतं. धार कुणीच पाहिलेली नसते. पण लग्नात मानापानावरून वाजलं की दोन्हीकडचे "आमी धारचे" म्हणून बाह्या सारतात. तर भाऊनं घर बांधायला काढलं, आणि नेमकं त्याच उन्हाळ्यात मला एका मित्राच्या लग्नाला इंदूरला जायचं होतं. भाऊनं मला एक शंभर पानी वही दिली. म्हणाला, "जाऊन रायला त धारजवळच्या मांडूलेबी जाऊन ये. पुरख्याइचे महाल पाय. दारं कशी, खिडक्या कशा, सारं लिहून आन. मले उन्हाळी धान सोडून जाता येत नाही."

मी गेलो. म्हणजे — इंदूरपर्यंत गेलो.

आता इथे मी म्हणू शकलो असतो की माझं पोट बिघडलं. पण पोट ठणठणीत होतं, तीच तर अडचण होती. सकाळी पोहे-जिलेबी, दुपारी कचोरी, आणि लॉजच्या खोलीत कूलर, टीव्ही, टीव्हीवर मॅच. मांडूची बस सकाळची. पहिल्या दिवशी ती माझ्या आंघोळीआधी सुटली. दुसऱ्या दिवशी मी आंघोळ उरकून स्टँडवर उभा होतो, हातात पोह्यांची प्लेट, वर शेव, लिंबू पिळलेलं. कंडक्टरनं मला हाकसुद्धा मारली. पोहे गरम होते. बस गेली. याला काय म्हणायचं? तिसऱ्या दिवशी मी स्टँडवरच मांडूच्या चित्रांची आठ कार्डं घेतली आणि परतीच्या गाडीत बसलो.

गाडीत वही उघडली. कार्डावर महाल तळहाताएवढा, आणि त्याची दारं करंगळीच्या नखाएवढी. एकाही चित्रात माणूस नव्हता. कशाशेजारी ठेवून मापणार? मी लिहिलं — "दारं लहान." गोंदिया येईपर्यंत कारणही सुचलं: वाकून यावं म्हणून.

घरी भाऊ, वयनी आणि चौकट घडवायला आलेला मिस्त्री, तिघं माझी वाटच बघत होते. भाऊनं विचारलं, "लहान म्हंजे किती?" मी काय सांगणार? हात वर केला आणि तो जिथे थांबला तिथे धरला — माझ्या भुवईशी. मी उंचीनं घरात सगळ्यांत कमी. भाऊनं सुतळी आणली, माझ्या हातापासून जमिनीपर्यंत ताणली आणि गाठ मारली. मिस्त्रीनं सुतळीकडे पाहिलं, भाऊकडे वर पाहिलं, मग माझ्याकडे.

"भाऊ, एवढं ठेंगनं दार त आमी गाईच्या कोठ्यालेबी नाही ठेवत."

"तू मांडू पायला का?" भाऊनं विचारलं.

"नाही जी."

"यानं पायलं."

तेव्हा बोलायचं होतं. सुतळी तेव्हा नुसती सुतळी होती. पण सागाची चौकट बसली, तिला हळदकुंकू लागलं, नारळ फुटला, आणि त्याच दुपारी भाऊचं डोकं पहिल्यांदा आपटलं. तो हसला. म्हणाला, "आता खरं घर वाटून रायलं."

पुढचं सगळं सांगत बसत नाही. फ्रिज आडवा करून आत गेला. थोरल्या पुतणीच्या लग्नात नवरदेवाचा फेटा चौकटीला अडकून बाहेर राहिला आणि नवरदेव आत गेला. धानाची पोती तर आजही मागून जातात. पण भाऊ हटला नाही. उलट गावात आणखी चौघांनी तसली दारं केली. त्यांतला एक माझ्याकडे सल्ल्याला आला होता, की साडेचार फूट ठेवू का? मी मोठ्या मनानं म्हणालो, नको, रीत भुवईपर्यंतचीच आहे.

आणि मी? मी घरातला इमारतींचा जाणकार झालो. दरवर्षी धान निघालं की गाडी करून सगळ्यांना कुठेतरी न्यायचं, कधी मार्कंड्याची देवळं, कधी भोरमदेव, कधी नुसतं आपलं नागऱ्याचं महादेवाचं देऊळ, आणि खांबापाशी उभं राहून बोलायचं, हे माझ्याकडे आलं. खरं सांगू? मला त्याची गोडी लागली. पुस्तकं आणून वाचली. दगड दगडावर चुन्याशिवाय कसा बसतो ते मला आज सांगता येतं. पण प्रत्येक ठिकाणी मी आधी बघायचो ते दार. कुठेतरी एक ठेंगणं दार सापडावं, माझ्या बाजूनं साक्ष द्यायला. एका गाभाऱ्याला सापडलं. मी घाईघाईनं भाऊला दाखवलं. भाऊ म्हणाला, "हे त देवाचं होय गा. मानसाइचं त तू मांडूले पायला ना?"

आता डिंपलचं. भाऊचं शेंडेफळ, माझी धाकटी पुतणी. लहानपणी माझ्याच मांडीवर बसून तिनं देवळांची चित्रं काढली आणि पुढे आर्किटेक्ट व्हायला नागपूरला गेली. शेवटच्या वर्षाला तिनं विषय घेतला — आमची दारं. गावातल्या पाचही दारांची मापं घेतली, सुबक नकाशे केले, आणि मला म्हणाली, "काका, आता मूळचं दार पाहायचं. सगळे मिळून मांडूला जाऊ. तुम्ही दाखवा."

मी गुडघ्यांचं कारण काढलं. भाऊ म्हणाला, "गुडघे माझे दुखते. तुले काय झालं?"

तर गेल्या हिवाळ्यात मी पहिल्यांदा मांडूला गेलो. दुसऱ्यांदा गेल्यासारखा चेहरा करून.

जहाज महालाच्या आवारात शिरलो आणि सवयीनं आधी दार बघितलं. ती कमान — करंगळीच्या नखाएवढी होती ना? तिच्यातून भाऊ खांद्यावर भाऊ घेऊन गेला असता. हिंदोळा महालाच्या आत तर कमानींखाली मान इतकी वर करावी लागली की वयनीचा पदर पडला. भाऊनं तिथल्या गाइडला "आमी धारचे" म्हणून सांगितलं, तर तो सहज बोलून गेला की हे महाल तुमच्या पुरख्यांच्या नंतर आलेल्या सुलतानांनी बांधलेत. म्हणजे मी खोटं बोललो ते बोललो, तेही दुसऱ्याच्या घराबद्दल.

भाऊ बराच वेळ वर बघत होता. मग म्हणाला, "काऊन गा, तू पायलेलं दार कोनतं?"

माझा खरा गुन्हा हा आहे. इंदूरचे पोहे नव्हेत. तेव्हा मी तिशीतला गाढव होतो. इथे मी बावन्नाचा होतो, समोर भाऊ होता, आणि त्यानं सरळ विचारलं होतं. मी म्हणालो — "तो भाग पडला असेल. पलीकडे होता."

आणि ती दोघं शोधायला निघाली. डिंपल टेप घेऊन पुढे, भाऊ गुडघे धरत मागे. एकेक पडका ओटा, एकेक भिंत. दुपार कलेपर्यंत. मी आणि वयनी झाडाखाली बसलो होतो. वयनीनं चिवड्याचा डबा उघडला, आणि मी तो खाल्लाही. दुरून भाऊ ओरडून विचारायचा, "हे का?" मी मान हलवायचो. नाही, हे नाही.

डिंपलनं प्रोजेक्टमध्ये लिहिलं की मूळ दार आता पडलंय. परीक्षकांनी विचारलं, पुरावा काय? ती म्हणाली, माझ्या काकांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलंय. त्यांनी त्या अख्ख्या पानावर तांबडी रेघ मारली. पास झाली; पण घरी आली ती चिडूनच, माझ्या बाजूनं. "काकांना खोटं कसं म्हणू शकतात?" म्हणत होती. मी तिला पाणी दिलं.

मांडूहून निघताना तिनं एक फोटो काढला होता. "बाबा, कमानीत उभे राहा. फोटोत माणूस असला तरच माप कळतं." भाऊ आतून चालत आला. वर दोन-तीन माणसांच्या उंचीची मोकळी जागा, आणि भाऊ — वीस वर्षांच्या सवयीनं — कमानीखाली येताच वाकला. चांगला कमरेत वाकला, एक हात डोक्यावर धरून. डिंपलनं नेमकं तेव्हाच बटण दाबलं. सगळे हसले. भाऊ सगळ्यांत जास्त.

तो फोटो भाऊनं मोठा करून आणला आणि आमच्या दारावर, आतल्या अंगाला, चौकटीच्या वर लावला. तिथे भिंत भरपूर आहे. बाहेर पडताना तो समोर येतो. मी रोज बघतो, मग वाकतो. मला थोडंसंच वाकावं लागतं. माप माझंच आहे.