साबणाचे वैरी

जगात दुष्ट असं एकच आहे आणि ते म्हणजे साबण, असं मानणारा एकच माणूस मी पाहिला, आणि तो नेमका माझ्या बायकोचा काका निघाला. आम्ही त्यांना आबा म्हणतो. साक्रीकडच्या एका सरकारी दवाखान्याच्या प्रयोगशाळेत त्यांची हयात गेली. डोंगरातल्या पाड्यांवरून साप चावलेली माणसं यायची. आबा कोरड्या काचेच्या नळीत त्यांचं थोडं रक्त घेत, वीस मिनिटं नळीला कुणाला हात लावू देत नसत आणि मग एकदाच तिरपी करत. रक्त गोठलेलं असलं तर ठीक. वाहिलं तर विष अंगात भिनलेलं. नळी साबणाने धुतलेली किंवा प्लास्टिकची असली तर चांगलं रक्तही गोठत नाही. एवढ्याशा ज्ञानावर आबांनी आख्खा संसार चालवला. घरातले पेले नुसत्या पाण्याने विसळायचे हा कायदा. मेहरूणला आमच्याकडे आले तरी त्यांचा पेला फडताळात वेगळा असे, आणि तो घासण्याची हौस मी एकदाच केली.

वीस मिनिटांचंही तेच. विरजण लावलेल्या पातेल्यापाशी ते पहारा देत. मला बघायला आले तेव्हा पोह्यांची बशी खाली ठेवून वीस मिनिटं माझ्याकडे पाहत बसले आणि मग म्हणाले, "चाली जाई." म्हणजे मी पसंत. लग्नात मानपानावरून दोन्हीकडचे हमरीतुमरीवर आले, तेव्हा आबांनी सगळ्यांना खाली बसवलं, "वीस मिन्टं कोनीच बोलू नका." वीस मिनिटांनी भांडण कशावरून होतं तेच कुणाला आठवेना. मी याला विक्षिप्तपणा म्हणत असे. बायको याला स्वभाव म्हणते, कारण काका तिचे आहेत.

मग तिचंच यकृत निकामी झालं. नाशिकच्या एका इस्पितळात प्रत्यारोपण ठरलं आणि आबा न बोलावता हजर झाले. आदल्या दिवशी भूल देणाऱ्या डॉक्टरबाईंनी आम्हाला नीट समजावलं. रक्त गोठवणारी द्रव्यं यकृतातच बनतात, म्हणून ऑपरेशन चालू असताना रक्त गोठतंय का हे सारखं पाहावं लागतं. यंत्रातल्या छोट्या वाटीत थोडं रक्त घालायचं, वाटी हळू डोलत राहते, आणि पडद्यावरची रेघ फुगून तशीच राहिली की गुठळी धरली म्हणायची. फुगून परत मिटली तर धरलेली गुठळी विरघळतेय.

"वाटी कशानी शे?" आबांनी विचारलं.

"प्लास्टिकची."

"आनि हालाडतस?"

बाई बिचाऱ्या म्हणाल्या, "त्यात गोठण्यासाठी एक पूड घालतो, काका. दहा मिनिटांत अंदाज येतो." प्लास्टिक, हालचाल आणि वर दहाच मिनिटं! आबांनी बाईंना वीस मिनिटांचा नियम ऐकवला, मग मला बाहेर घेऊन गेले आणि दुसरं इस्पितळ बघायचं का, असं गंभीरपणे विचारू लागले. माझ्या बायकोचा जीव त्या बाईंच्या हातात होता, म्हणून मी फक्त हात जोडले.

दुसऱ्या दिवशी दुपारी डॉक्टरबाई बाहेर आल्या. नवं यकृत जोडलं होतं, पण रक्त थांबत नव्हतं. रेघ फुगत होती आणि मिटत होती. औषध दिलंय, परत पाहू, एवढं सांगून त्या आत गेल्या. मी आबांकडे पाहिलं, तर ते बाही वर सारत होते. खिशातून त्यांनी रुमालात गुंडाळलेली काचेची नळी आणि सिरिंज काढली.

"पाव्हना, दंड दाबी धर. तिनं रगत माले देनार नहीत. मंग मन्हंच देखस. एकच घरनं शे."

याचा काडीचा उपयोग नाही हे मला ठाऊक होतं, आणि आयुष्यभर हेच काम केलेल्या त्यांना तर नक्कीच ठाऊक होतं. तरी मी त्यांचा दंड दाबून धरला आणि त्यांनी स्वतःचंच रक्त काढून नळीत सोडलं. नळी खिडकीच्या कठड्यावर उभी राहिली. "हात लावू नको," ते म्हणाले. मी श्वास घ्यायलासुद्धा घाबरत होतो. वीस मिनिटांनी त्यांनी ती तिरपी केली. रक्त हललं नाही. आबांनी नळी परत रुमालात गुंडाळली आणि भिंतीकडे तोंड करून बसले. बऱ्याच वेळाने बाई आल्या आणि म्हणाल्या, "रेघ टिकतेय आता."

आबा वळले. "कितला मिन्टं देखी?"

"वीस," बाई म्हणाल्या. खरंच पाहिली होती की म्हाताऱ्याचं मन राखलं, ते मी कधी विचारलं नाही.

त्यानंतर चार महिन्यांनी आबा मेहरूणला आले. बायकोने स्वतः उठून त्यांच्या पेल्यात पाणी दिलं. ते प्यायले, रिकामा पेला तिच्या हातात ठेवला आणि म्हणाले, "आते साबन लाव, माय. चाली जाई."

यंदाच्या उन्हाळ्यात आबा गेले. पेला फडताळात जागच्या जागी आहे. साबण लावायची परवानगी आहे, पण आमच्या दोघांच्याही हातून ते होत नाही.