वाळक्या काड्या

चामोर्शी रस्त्यावरच्या आमच्या साग लागवडीचे चौकीदार म्हणजे सगळ्यांचे भाऊ. उजव्या अंगठ्याचं नख ते मुद्दाम वाढवतात आणि दिसेल ते लाकूड खरवडून पाहतात. एकदा माझ्या टेबलाचा पाय खरवडून "हे मेलं" असा निकालही त्यांनी दिला होता.

मे महिन्यात रोपांवर एक पान उरलं नाही. मी कारकून, रजिस्टरात 'मृत' लिहायला घेतलं. भाऊंनी एक रोप खरवडून सालीखालचा हिरवा रंग दाखवला.

"जित्तं आहे बाबू. आत पाण्याचा धागा असते. खाली पाणी नाई अन् पानं वरून ओढूनच राह्यली, तं धागा तुटते, हवा घुसते. म्हणून साग पानंच टाकून देते."

"पण पाहणीला येणाऱ्या साहेबांना हे कोण सांगणार?"

"साहेबाले सांगाचं नाई. हिरवं दाखवाचं."

पाहणीच्या सकाळी त्यांनी नाल्यावरच्या करंजाच्या हिरव्यागार डहाळ्या तोडून प्रत्येक रोपाशेजारी एकेक खोचली. साहेब खूश झाले.

"पण या वाळक्या काड्या कशाला?"

"आधाराले, साहेब."

"रोपं छान उभी आहेत आता. उद्या काड्या उपटून टाका."

त्या काड्या म्हणजेच आमची सागाची रोपं. मी भाऊंकडे पाहिलं. भाऊ शांतपणे "हो साहेब" म्हणाले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी हुकूम तंतोतंत पाळला. करंजाच्या डहाळ्या तोवर कडकडीत वाळल्या होत्या. त्या उपटून त्यांनी चुलीला नेल्या.

रजिस्टरात मी 'सर्व रोपे जिवंत' असं लिहिलं. इतका खरा अहवाल या हातानं आधी कधी लिहिला नव्हता.