त्रिज्येच्या जागी व्यास

हे मी कुणाला सांगितलेलं नाही — बायकोलाही नाही. घरात, भाऊबंदांत मी आकड्यांचा पक्का समजला जातो. लोक वाटणीची मोजणीसुद्धा माझ्याकडून तपासून घेतात. अशा माणसानं हे सांगायचं कसं?

आमचं शेत म्हसावदच्या शिवारात. बोअरवर नवी मोटर बसवायची होती, आणि विजेचा खांब लांब. धाकटा भाऊ राजू तेव्हा आयटीआयला वायरमनचं शिकत होता. त्याला दुसरं काही आवडतच नव्हतं. पण मी बीएस्सी — तार केवढी जाड घ्यायची, ते मी ठरवणार.

तारेचा व्यास मोजला, लांबी घेतली, अ‍ॅल्युमिनियमची रोधकता पुस्तकातून घेतली, रोध काढला. दहाएक व्होल्ट घटतील, असं उत्तर आलं. राजू तार बोटांत धरून म्हणाला, "भाऊ, बारीक वाटस. जाड लई येऊत ना."

"तुले गणित येस का?"

"नही येत. पन मोटर तुन्हा गणितवर चालाव नही, तारवर चाली."

मी हसलो. बारीकच आणली. जोडणी त्यानं केली.

आठवड्याच्या आत मोटर जळाली. शहाद्याच्या रिवाइंडिंगवाल्यानं ती उघडली आणि म्हणाला, एक तर तार बारीक, नाहीतर जोड ढिले. राजू मोटर गाडीत चढवत होता. मी तिथंच, उभ्या उभ्या, मनात गणित पुन्हा केलं. छेदाचं क्षेत्रफळ काढताना त्रिज्येच्या जागी मी व्यास धरला होता. क्षेत्रफळ चौपट झालं, म्हणून रोध चौथाई निघाला. दहा नव्हे, चाळीस व्होल्ट घटत होते. आठवीतल्या पोरानं करावी अशी चूक — ती मला कळली होती. घरी पोचण्याआधी, आमच्या वडिलांनी, आबांनी, विचारण्याआधी, पूर्ण कळली होती.

आबांनी विचारलं, "काय व्हयनं?"

मी म्हणालो, "जोड ढिले होते."

राजूनं माझ्याकडे पाहिलं. जोड घट्ट होते हे त्याला माहीत असणार — मग तो बोलला का नाही? मोठ्या भावाच्या गणितावर त्याचा स्वतःच्या हातांपेक्षा जास्त विश्वास होता, एवढंच मला उत्तर सापडतं. आबा त्याला म्हणाले, "आजपासून तू तारले हात लावू नको."

त्यानं लावला नाही. कोर्स सोडला, सुरतेला साड्यांच्या गोदामात लागला. तिथंच केस पिकले. आबा गेले तेव्हाही मी गप्प होतो. खरं सांगायला मला कोण अडवत होतं? कुणीच नाही.

यंदा आखाजीला, अक्षय्य तृतीयेच्या सणाला, तो बायकापोरांसह आला. ओट्यावरचा बल्ब गेला. त्याच्या मुलानं स्टूल आणलं, नवा बल्ब बापाच्या हातात दिला. राजूनं तो माझ्यापुढे धरला.

"भाऊ, तू लाव. मन्हा हातना भरोसा नही."

मी स्टुलावर चढलो आणि बल्ब लावला.